कंबरदुखीसाठी टेन्स मशीन वापरताय? या चुका टाळा

तासगाव-पलूस भागात ऑक्टोबरची द्राक्षछाटणी सुरू झाली, की कंबर धरलेली माणसं माझ्याकडे जास्त दिसायला लागतात. पाठोपाठ उसाचा हंगाम लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल तर वर्षभर येतात. अलीकडे यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी आधीच एक छोटं मशीन असतं. मुलाने ऑनलाइन मागवलेलं, नाहीतर मिरजेला दाखवायला गेल्यावर तिथून आणलेलं. कुणी त्याला टेन्स म्हणतं, कुणी नुसतं 'करंटचं मशीन'. तक्रार मात्र ठरलेली: "मॅडम, रोज लावतोय, पण काय बी फरक न्हाई."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा वेळी मी एवढंच सांगते, की मशीन घेऊन या आणि घरी लावता तसंच इथे लावून दाखवा. बहुतेक वेळा चूक डोळ्यांसमोरच दिसते.

हे मशीन नेमकं काय करतं

1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी वेदनेबद्दल एक नवी मांडणी केली. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे सरळ जात नाही, वाटेत त्याला अडवणारी जागा असते, असं त्यांचं म्हणणं. स्पर्श ओळखणाऱ्या जाड नसा जाग्या केल्या, की वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसांचा संदेश तिथे थोपवला जातो. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, त्याने बरं वाटतं, ते यामुळेच. टेन्स हेच काम त्वचेला चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य विजेच्या झटक्यांनी करतं.

म्हणजे सरकलेली गादी यामुळे जागेवर जात नाही. दबलेली शीर मोकळी होत नाही. मणक्याची झीज भरून येत नाही. दुखणं काही वेळ कमी जाणवतं, इतकंच. 2022 साली 381 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात टेन्स चालू असताना आणि बंद केल्यावर लगेचच्या वेळात दुखणं कमी होतं असं दिसलं. दुसरीकडे, जुनाट कंबरदुखीवर टेन्स नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मधल्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेचं 2016 पासूनचं मतही तसंच आहे. या दोन्ही गोष्टी मी पेशंटला आधीच सांगते. मशीन वापरायचं तर तेवढ्या थोड्या वेळाच्या आरामाचा नीट उपयोग करून घ्यायचा, आणि तो करून घेता येतो, हे मी रोज बघते.

लावून झोपून राहणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही आहे, म्हणून आधी हीच सांगते. लोक पॅड लावतात, पलंगावर आडवे होतात, अर्धा तास पडून राहतात, मशीन काढतात आणि उठतात. उठताना कंबरेत कळ येते. मग म्हणतात, उपयोग नाही.

आडवं पडल्यावर बहुतेकांची कंबर तशीही कमी दुखते. तेव्हा मशीन कशावर काम करणार? ज्या हालचालीला दुखतं, त्या हालचालीच्या वेळी टेन्स चालू हवं. मशीन कमरेला अडकवा आणि अंगणात दहा-पंधरा मिनिटं चाला. ओट्यापाशी उभं राहिलं की कंबर भरून येत असेल, तर मशीन लावून भाकऱ्या थापा. फिजिओने व्यायाम दिले असतील, तर दुखतंय म्हणून टाळलेला व्यायाम याच वेळात करा. कंबरेची जुनाट दुखणी हालचालीने आणि हळूहळू वाढवलेल्या व्यायामानेच सुधारतात. ती हालचाल करायला धीर यावा, एवढ्यासाठी हे मशीन कामाचं आहे.

एक सांभाळा. दुखणं कमी वाटतंय म्हणून त्याच वेळी पोतं उचलायला जाऊ नका. सवयीची हलकी कामं ठीक, वजन नको.

तेल, बाम आणि हळदीची धूळ

यार्डातल्या एका काकांचा पॅड मी उलटा करून बघितला होता. चिकट जेलवर हळदीची पिवळी धूळ, बनियनचे धागे आणि पाठीचे केस असा थर बसला होता. कडा वळल्या होत्या. पाठीला सकाळी लावलेल्या तेलाचा वास येत होता. असा पॅड त्वचेला पूर्ण टेकत नाही. जिथे थोडा टेकतो तेवढ्याच जागेतून सगळा करंट जातो आणि तिथे सुया टोचल्यासारखं होतं. टोचतं म्हणून माणूस करंट कमी ठेवतो, आणि कमी ठेवला की आराम पडत नाही.

म्हणून आधी पाठ साध्या साबणाने आणि पाण्याने धुवा, कोरडी करा, मग पॅड लावा. तेल आणि बाम मशीन काढल्यानंतर लावायचे, आधी कधीच नाही. बामावर पॅड चिकटवला तर आगही होते आणि पुरळही उठतं. पाठीवर केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. ब्लेड फिरवून लगेच पॅड लावला तर त्वचा चुरचुरते.

वापर झाला की पॅड सोबतच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवून बंद पाकिटात ठेवा. काढताना वायर धरून ओढू नका, कडेला धरून सोलल्यासारखा काढा. जेल सुकल्यासारखं वाटलं तर बोटाने पाण्याचा एखादा थेंब पसरवा, पाच मिनिटं थांबा. त्यानेही चिकटला नाही तर पॅड संपला, नवा घ्या. वरून चिकटपट्टी मारून तोच वापरत राहू नका. घरात मशीन एक असलं तरी चालेल, पॅड प्रत्येकाचे वेगळे हवेत.

पॅड कुठे लावायचे

मणक्याच्या हाडांवर नाही. पाठीच्या मधोमध जी हाडांची ओळ हाताला लागते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून मांसल भाग असतो, तिथे लावायचे. चार पॅड असतील तर दुखऱ्या जागेच्या थोडे वर दोन आणि थोडे खाली दोन, म्हणजे दुखरी जागा मध्ये येते. दोन पॅडमध्ये निदान दोन बोटांचं अंतर हवं, ते एकमेकांना टेकता कामा नयेत.

कंबरेतून कळ पायात उतरत असेल, तर एक जोडी कंबरेला आणि दुसरी कुल्ल्यावर किंवा मांडीच्या मागे, जिथून कळ जाते त्या वाटेवर लावून बघा. एका जागी फरक पडला नाही तर दुसऱ्या दिवशी जागा थोडी बदला. स्वतःच्या पाठीला नीट हात पोहोचत नाही, म्हणून पॅड तिरके बसतात. घरातल्या कुणाला तरी लावायला सांगा.

पॅड लावताना आणि काढताना मशीन बंदच हवं.

करंट किती ठेवायचा

दोन टोकं बघायला मिळतात. मावशी लोक घाबरून इतका कमी ठेवतात की जेमतेम मुंग्या येतात. तरुण मुलं 'जेवढा जास्त तेवढा गुण' म्हणून दात आवळून सहन करतात. दोन्ही चूक. झिणझिण्या ठळक जाणवल्या पाहिजेत, पण दुखता कामा नयेत. बटण हळूहळू वाढवा, नकोसं वाटायला लागलं की थोडं मागे या.

तीन-चार मिनिटांनी झिणझिण्या मंदावल्यासारख्या वाटतात. मशीन बिघडलेलं नसतं, शरीराला सवय होते. तेव्हा पुन्हा थोडा वाढवा. बरेच जण इथेच थांबतात आणि उरलेला वेळ वाया जातो.

आकड्यांचं म्हणाल तर सुरुवात 80 ते 100 हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या झटक्यांवर करा. यात नुसत्या झिणझिण्या येतात, स्नायू उडत नाही, आणि आराम लवकर जाणवतो. दुसरी पद्धत 2 ते 4 हर्ट्‌झची. यात स्नायू ठक-ठक उडताना दिसतो आणि शरीरातली स्वतःची वेदनाशामक द्रव्यं कामाला लागतात. मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्यांना ही दुसरी पद्धत तितकीशी लागू पडत नाही. रोज एकाच आकड्यावर तितकाच करंट ठेवला तर काही दिवसांत गुण कमी होतो, म्हणून मधून मधून आकडा बदला. मशीनवर आपोआप बदलणारा मोड असेल तर तो लावा.

वेळ अर्धा तास पुरे. दिवसातून दोन-तीनदा लावलं तरी चालतं, मात्र मध्ये त्वचेला विश्रांती द्या आणि पॅडची जागा जरा हलवा. काढल्यावर थोडा वेळ लाली राहते, ती ठीक. खाज, पुरळ किंवा फोड आले तर बंद करा.

कुणी लावूच नये

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं कुठलंही यंत्र असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नाही. गरोदर बाईने पोटाला आणि कंबरेला स्वतःच्या मनाने नाही. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारून. कॅन्सरची गाठ असलेल्या जागी, पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या पायावर, जखमेवर किंवा सोललेल्या कातडीवर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर आणि छातीवर तर कुणीच नाही. कंबरेचं मशीन मानेला, मानेचं छातीला असे प्रयोग घरोघरी चालतात, ते थांबवा.

शुगर असलेल्यांनी एक तपासणी करावी. डोळे मिटा आणि दुसऱ्याला त्या जागी कापूस फिरवायला सांगा. स्पर्श कळत नसेल तर तिथे पॅड नको. करंट जास्त झालेला कळणारच नाही आणि चटका बसेल.

गाडी चालवताना मशीन बंद ठेवा. उसाच्या ट्रॅक्टरवर तासन्‌तास बसणाऱ्या मुलांना मी हे हात जोडून सांगते. अचानक करंटचा झटका जाणवला आणि स्टिअरिंग हललं, तर मागे भरलेली ट्रॉली असते. झोपेत नको, अंघोळीत नको, पॅडवर गरम पाण्याची पिशवी नको. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जरची पिन काढल्याशिवाय अंगाला लावू नका.

मशीन बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायची वेळ

हे नीट वाचा, कारण दुखणं दबल्यामुळे माणसं उशिरा येतात. लघवी किंवा संडास कळेनासं झालं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, पायातून चप्पल निसटते पण कळत नाही, पाऊल उचलत नाही, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयं आहेत, सकाळची वाट बघू नका.

संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री पडून राहिल्यावरही कंबर दुखते, असं असेल तर मणक्याचा टीबी आहे का हे तपासावं लागतं. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही आणि औषधाने बरा होतो, फक्त वेळेत कळला पाहिजे. वयस्कर बाई घसरून पडली आणि तेव्हापासून पाठ दुखतेय, तर आधी एक्स-रे. कुशीतून जांघेकडे लाटेसारखी कळ येत असेल तर तो मुतखडा असू शकतो, तिथे टेन्स लावून वेळ घालवू नका.

करंटच लागत नाही तेव्हा

आधी बॅटरी बदला. दिवा लागतो म्हणजे बॅटरी चांगली असं नसतं, उतरलेल्या बॅटरीवर दिवा लागतो पण जोर येत नाही. मग पिना पूर्ण आत गेल्यात का बघा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर दोन्ही वायरींची अदलाबदल करा. बिघाड वायरीबरोबर सरकला तर वायर गेली, त्याच बाजूला राहिला तर मशीन दाखवा. वायर बहुतेक वेळा पिनेपाशी आतून तुटते, कारण लोक ती मशीनभोवती घट्ट गुंडाळून ठेवतात. करंट येतो-जातो, मध्येच जोरात झटका बसतो, असं झालं की ती वायर फेकून द्या. नवी वायर स्वस्त मिळते.

सगळं नीट करून, हालचाल करताना लावून, दोन-तीन आठवडे बघा. त्यानंतरही उठता-चालताना काहीच फरक जाणवत नसेल, तर तुमच्या दुखण्याला टेन्स लागू पडत नाही असं समजा. आणखी महागाचं मशीन घेण्यात पैसे घालू नका, तेवढ्यात फिजिओकडे चार वेळा जाऊन स्वतःचे व्यायाम नीट शिकून होतील.