युद्धोत्तर देशद्रोह खटल्यांची आकडेवारी: तक्ता कसा बांधावा

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात शत्रूला साथ देणाऱ्यांवर खटले चालले. त्यांच्या आकडेवारीत गफलत होते ती बहुतेकदा छेदात. फ्रान्सच्या विशेष न्यायालयांनी ६,७६३ मृत्युदंड सुनावले, अंमलात आले ७६७, म्हणजे ११ टक्के. पण ३,९१० निकाल गैरहजर आरोपींवरचे. जो हाती लागलाच नाही त्याला शिक्षा कशी देणार? ते वगळले की उरतात २,८५३, आणि प्रमाण थेट २७ टक्के होतं.

म्हणून आधी एक ओळ म्हणजे काय ते ठरवा: फाइल, आरोपी की निकाल? आमचा कौल ‘एक आरोपी, एक निकाल’ याला. सोबत कायम व्यक्तिक्रमांक हवाच. फरार आरोपी पुढे सापडला की पुन्हा खटला चालतो आणि तोच माणूस दोनदा मोजला जातो.

रकाने: न्यायालय, कलम, अटक-आरोपपत्र-निकालाच्या तारखा, हजर की गैरहजर, सुनावलेली शिक्षा, नंतरची सूट, प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा. शेवटचे तीन एकत्र करू नका. मृत्युदंडाला मनाने ‘१०० वर्षं’ धरून सरासरी काढणं तर निव्वळ फसवणूक. शिक्षांची चढती श्रेणी लावा.

कायद्याचा रकाना वेगळा ठेवा. चेकोस्लोव्हाकियातल्या १९४५ च्या १६ क्रमांकाच्या अध्यादेशात अपील नव्हतं आणि मृत्युदंड सुनावल्यापासून दोन तासांत द्यायचा होता. दयेच्या अर्जाला वेळच नाही! झेक प्रांतांत सुमारे ९५ टक्के मृत्युदंड अंमलात आले ते यामुळेही. हा आकडा फ्रान्सच्या शेजारी मांडून ‘झेक न्यायाधीश जास्त कठोर’ म्हणणं चूक.

सगळ्या फाइली वाचणं झेपत नसेल तर न्यायालय आणि तिमाहीनुसार गट पाडून यादृच्छिक नमुना घ्या. एका टक्केवारीसाठी ±५ टक्क्यांची अचूकता हवी असेल तर साधारण ३८५ नोंदी लागतात. प्रत्येक न्यायालयाचा वेगळा निष्कर्ष हवा असेल तर प्रत्येकी तेवढ्याच. फाइल गहाळ असेल तर शेजारची उचलू नका, ‘गहाळ’ अशी नोंद करा. दयेच्या अर्जासोबत वर गेलेली फाइल परत येतेच असं नाही, त्यामुळे गहाळ फाइलींत जबर शिक्षा जास्त असू शकतात.

महिन्यागणिक शिक्षा सौम्य होताना दिसल्या तरी एकदम निष्कर्ष काढू नका. आधी एकाच कलमाखालचे खटले वेगळे काढून तोच आलेख पुन्हा काढा.