हिवाळ्यात मालगाडीची इंजिने कशी मोजावीत

बेळगाव-खानापूर पट्ट्यात मालगाड्या पाहण्यासाठी डिसेंबर आणि जानेवारी हे महिने सर्वांत चांगले आहेत. पावसाळ्यात लोंढ्याच्या पुढे धुके आणि सरी यांमुळे गाडीचे शेपूट दिसत नाही, तर उन्हाळ्यात तापलेल्या रुळांवरची हवा थरथरते आणि लांबच्या इंजिनाची आकृती फुटते. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार असल्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो. म्हणून देसूरकडून येणारी मालगाडी बेळगावातील टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटापाशी दिसण्याच्या बऱ्याच आधी ऐकू येते. त्या आवाजावरून इंजिन एक आहे की दोन, याचा अंदाज बांधण्याची सवय आधी लावावी आणि गाडी समोर आल्यावर तो पडताळून पाहावा.

सुरुवात बेळगाव शहरातच करावी. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या पदपथावरून रूळ वरून दिसतात आणि वाघिणीत काय भरले आहे, हेही कळते. त्यानंतर खानापूर आणि लोंढा या स्थानकांवर प्लॅटफॉर्म तिकीट काढून, स्टेशनमास्तरांना सांगून थांबावे. रुळांवरून चालत जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. दूधसागरकडे रुळांवरून जाण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. तेथील बोगदे आणि वळणे अशी आहेत की उतरणीला लागलेली गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

गाडी आली की प्रथम इंजिनावरची अक्षरे वाचावीत. डब्ल्यूडीजी-४ मधील पहिले अक्षर ब्रॉडगेजचे, दुसरे डिझेलचे आणि तिसरे मालवाहतुकीचे असते. डब्ल्यूएजी-९ मध्ये डिझेलच्या जागी विजेवर चालणाऱ्या इंजिनाचे अक्षर येते. त्यानंतर वाघिणी मोजाव्यात आणि त्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे ठरवावे. उघड्या वाघिणीत कोळशाचा ढीग काठावर दिसतो, पण बंद वाघिणीच्या बाबतीत चाकांजवळच्या स्प्रिंगांकडे पाहावे लागते: भरलेल्या वाघिणीच्या स्प्रिंगांचे वेढे एकमेकांजवळ दबलेले असतात, तर रिकामीचे मोकळे दिसतात. आवाजातही फरक असतो. रिकामी गाडी खडखडते आणि भरलेली जड, दबक्या ठोक्यांनी जाते. शेवटच्या डब्यापर्यंत नजर न्यावी, कारण पुढची इंजिने मोजून वही मिटणाऱ्याची नोंद घाटाजवळ हमखास चुकते.

आता मुख्य प्रश्न असा की एका गाडीला किती इंजिने लागतात. याचे उत्तर गाडीच्या लांबीवर अवलंबून नसून वजन आणि चढ यांवर अवलंबून असते, आणि ते कागदावर काढता येते. बॉक्सएन या उघड्या प्रकारच्या ५८ भरलेल्या वाघिणींचे वजन सुमारे ४,७०० टन होते. चढ १०० मीटरला १ मीटर असेल, तर वजनाचा शंभरावा भाग, म्हणजे ४७ टन ओढ केवळ चढासाठी लागते. चाकांचे घर्षण आणि इंजिनांचे स्वतःचे वजन धरून हा आकडा साठच्या आसपास जातो. ४,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ जागेवरून निघताना सुमारे ५४ टन ओढ देते, पण चढावर सतत चालताना ती सुमारे ४१ टनांवर येते. म्हणून अशा चढाला एक इंजिन अपुरे पडते आणि दोन पुरतात.

गोव्यातील कुळे ते कर्नाटकातील कॅसल रॉक या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. तेथे त्याच गाडीला केवळ चढासाठी १२७ टन ओढ लागते. त्यात पाच इंजिनांचे मिळून सुमारे ६३० टन वजन, घर्षण आणि वळणांचा अडथळा मिळवला की बेरीज १६० टनांपर्यंत जाते. चार इंजिनांची सततची ओढ १६४ टन भरते, म्हणजे कोरड्या रुळावरही हाताशी जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन वर येणाऱ्या गाडीला साधारणपणे पाच इंजिने दिसतात, आणि ती पुढे व मागे अशी विभागलेली असतात. सगळी पुढे लावली तर पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर पूर्ण ताण येईल आणि वळणावर हलक्या वाघिणी आतल्या बाजूला खेचल्या जातील. मागून ढकलणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात. त्यांचे चालक वेगळे असतात आणि पुढच्या चालकाशी वॉकी-टॉकीवर व शिट्टीच्या ठरलेल्या संकेतांनी बोलतात. हीच गाडी रिकामी असेल तर तिचे वजन १,३०० टनांच्या आसपास भरते आणि तो घाट दोन इंजिनांवर चढता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मूळ डब्ल्यूएजी-९ ची शक्ती सुमारे ६,००० अश्वशक्ती असली, तरी जागेवरून निघताना त्याची ओढ सुमारे ४७ टन, म्हणजे डब्ल्यूडीजी-४ पेक्षा कमी असते. अश्वशक्ती ही चढ किती वेगाने चढता येईल हे सांगते. गाडी हलेल की नाही, हे चाकावरचे वजन आणि रुळाची पकड ठरवते.

पकडीचा हा मुद्दा हिवाळ्यात डोळ्यांनी पाहता येतो. पहाटे रुळावर दव बसते आणि त्या पातळ ओलाव्यात रुळावरची धूळ मिसळली की तो पृष्ठभाग पावसाने धुतलेल्या रुळापेक्षाही निसरडा होतो. अशा वेळी चालक वाळू सोडतो. इंजिनाच्या पुढच्या चाकासमोर रुळाकडे वळलेली एक नळी असते, तिच्यातून बारीक वाळू पडते आणि चाकाखाली भरडली जाते. गाडी निघून गेल्यावर प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे उभे राहूनही रुळाच्या माथ्यावर तिची पिठासारखी पांढरट रेघ दिसते. ऊन चढल्यावर आलेल्या गाडीमागे ती सहसा नसते, म्हणून नोंदीत वेळेबरोबर रूळ ओला होता की कोरडा, हे अवश्य लिहावे.

मोजणीतील सर्वांत मोठी चूक बंद इंजिनामुळे होते. लोंढ्याला एका पहाटे मी एका बेताच्या वजनाच्या गाडीपुढे तीन डिझेल इंजिने मोजली आणि हिशेब कितीही जुळवला तरी तिसऱ्याची गरज दिसेना. गाडी सुटताना लक्षात आले की पहिल्या दोन इंजिनांच्या छतावर गार हवेत उष्ण धुराची थरथर उठत होती आणि तिसऱ्याचे छत स्तब्ध होते. ते नुसते ओढून नेले जात होते. विजेच्या इंजिनाबाबत छतावरचे पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे दोन सांगाडे पाहावेत. दोन्ही खाली मिटलेले असतील, तर ते इंजिन ओढत नाही. तेव्हापासून मी जोडलेली आणि काम करणारी अशा दोन संख्या वेगवेगळ्या लिहितो.

घाट उतरणाऱ्या गाडीलाही अनेक इंजिने असतात, पण त्यांचे काम ओढणे नसून डायनॅमिक ब्रेकने, म्हणजे इंजिनाच्या मोटारींकडूनच चाकांना अटकाव करून, गाडी रोखून धरणे हे असते, म्हणून त्या नोंदीपुढे दिशा लिहावी. चढून आलेल्या गाडीचे बँकर कॅसल रॉकला सुटतात; त्यामुळे घाटात पाच इंजिने असलेली गाडी लोंढ्याला दोन-तीन इंजिनांनिशी दिसू शकते, आणि तेथे पाच का नाहीत असे वाटून वहीत खाडाखोड करू नये. सुटलेली इंजिने वाघिणींशिवाय पुन्हा कुळेकडे उतरताना दिसली, तर ती वेगळ्या रकान्यात घ्यावीत.