आरोग्याच्या अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे कसं ठरवाल?

आईनं सही केली तेव्हा गॅसवर पोहे होते. दारात दोन मुली, गळ्यात ओळखपत्रं, हातात फाईल. मधुमेहाचा अभ्यास चाललाय, रक्ताचा नमुना हवाय म्हणाल्या. आईनं ओले हात पदराला पुसले आणि त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. संध्याकाळी मी विचारलं, कशावर केलीस गं? "अगं, पोरी उन्हातून आल्या होत्या. नाही कसं म्हणायचं?" कागदाची प्रतसुद्धा घरात नव्हती.

अशा भिडेखातर केलेल्या सह्या आपल्याकडे फार. आणि घाबरून दारातूनच परत पाठवणारेही कमी नाहीत. मला दोन्ही खटकतं, कारण या अभ्यासांतून खरंच काही हाती लागतं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांनी १९९३ पासून वर्षानुवर्षं वजनं, रक्त, रोजच्या जेवणाचा हिशेब दिला. त्यातून कळलं की आपली बाळं जन्मतः लहानखुरी असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेनं जास्त असते. मधुमेहाची पाळंमुळं आईच्या पोटात असल्यापासून शोधायला हवीत, ही दिशा अशा कामातून मिळाली.

म्हणून पहिली पायरी: त्या क्षणी सही करू नका. "माहितीपत्रक ठेवून जा, परवा या," असं सांगण्यात कसलाही उद्धटपणा नाही. कागद मराठीतच मागा. वाचता येत नसेल, तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर तो वाचून दाखवायला हवा.

मग अभ्यास कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा. काहींत फक्त प्रश्न विचारतात, वजन-बीपी बघतात, पाचेक मिली, म्हणजे चहाचा एक चमचाभर रक्त घेतात. यात शरीराला धोका नाममात्र; जपायची ती माहिती. दारू, गर्भपात, एचआयव्ही असे प्रश्न असतील तर उत्तरांवर नाव राहणार की नुसता क्रमांक, ती कोण बघणार, हे विचारा. उरलेल्या रक्ताचं पुढे काय, हेही विचारा.

नव्या औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर जास्त वेळ घ्या. इथं बहुतेकदा चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. तुम्हाला खरी लस मिळाली की नुसतं मिठाचं पाणी, हे पुष्कळदा टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. "डॉक्टर माझ्यासाठी चांगलं तेच देतील" हा नेहमीचा विश्वास इथं बाजूला ठेवावा लागतो, कारण अभ्यास उत्तर शोधण्यासाठी असतो, तुमच्या उपचारासाठी नव्हे. फेऱ्या किती, रोज बुडाला तर भरपाई काय, त्रास झाला तर रात्री फोन कोणाला करायचा, हे कागदावर आहे का बघा. औषध-लशीच्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारनं केलेल्या २०१९ च्या नियमांनुसार अशा चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई हा सहभागीचा हक्क आहे.

पुढची पायरी पडताळणीची. औषध-लशीच्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'त करणं जून २००९ पासून बंधनकारक आहे. ती यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. एथिक्स कमिटी, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या दृष्टीनं अभ्यास योग्य आहे ना हे तपासणारी समिती; तिची मंजुरी घरोघरच्या आरोग्य अभ्यासालाही लागते. चाचण्यांच्या नियमांनुसार या समितीत किमान सात जण असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे. माहितीपत्रकावर समितीचा फोन नंबर असायला हवा. तो लावून बघा. नंबरच नसेल, तर मी सही करणार नाही.

निर्णय ज्याचा त्याचा. नवऱ्याशी, सासूशी बोला, पण तुमच्या वतीनं सही त्यांची चालत नाही; सरपंचांची तर नाहीच. २००९ मध्ये आंध्र प्रदेशात मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर सही आई-वडिलांची, पण सात वर्षांपुढच्या मुलालाही विचारायलाच हवं.

मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, कारणही द्यावं लागत नाही, आणि सरकारी दवाखान्यातले तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. सही केलीत तर प्रत मागून घ्या.

सहा महिन्यांनी त्या मुली पुन्हा आल्या. आईनं त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि विचारलं, "उपाशीपोटी किती वाजेपर्यंत थांबायचं? आणि साखर किती निघाली ते मला कळवणार ना?" त्यांनी कागदावरची ती ओळ बोट ठेवून दाखवली. आईनं चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग सही केली. प्रत आता रेशनकार्डाच्या पिशवीत असते.