कच्छच्या घळींत एकट्याने छायाचित्रण: या चुका टाळा

बडोद्याहून रात्री सयाजीनगरी एक्स्प्रेसमध्ये बसलेला मनुष्य सकाळी भुजला उतरतो, चहा घेऊन नखत्राण्याच्या बाजूचे वाहन ठरवतो आणि दुपार होण्याच्या आत कडिया ध्रोच्या घळीत उभा असतो. प्रवास इतका सोपा असल्यामुळेच तयारी अपुरी राहते. गेल्या काही हिवाळ्यांत मी ही घळ आणि धोलावीराजवळचे खडक बहुतेक वेळा एकट्यानेच पाहिले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी परतून छायाचित्रे उघडली की जी वाया गेलेली दिसत, त्यांच्यातील बिघाड शटर दाबण्याच्या पुष्कळ आधी झालेला असे. वेळ चुकीची निवडलेली असे, नाहीतर कॅमेऱ्याला जे ठरवू द्यायला नको होते ते ठरवू दिलेले असे.

निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कडिया ध्रोची घडण लगेच कळेल. पाण्याच्या भोवऱ्यात फिरणारे गोटे खडक कोरत जातात आणि गोल, खोल खळगे तयार होतात. मात्र निघोजला काळा बेसाल्ट आहे, तर इथे थराथरांचा वालुकाश्म आहे आणि त्यातील लोहाच्या संयुगांमुळे पिवळा, तांबडा, जांभळट असे रंग शेजारी शेजारी दिसतात. छायाचित्रकार येतो तो या रंगांसाठी, आणि बहुतेक चुकाही रंगांच्या बाबतीतच होतात.

पहिली चूक वेळेची आहे. निसर्गचित्रण पहाटे आणि संध्याकाळी करावे, असे आपण शिकलेले असतो. मोकळ्या रणात ते खरेही आहे. परंतु जिथे घळ अरुंद होते तिथे सूर्य खाली असताना तळाशी नुसती सावली असते, आणि कड्यांचे माथे तेवढे उजळतात. तिथले खरे काम सूर्य वर आल्यावर सुरू होते. ऊन एका भिंतीवर पडते, ती भिंत तापलेल्या तांब्यासारखी उजळते आणि तिचा प्रकाश समोरच्या सावलीतल्या भिंतीवर परावर्तित होतो. चित्र त्या सावलीतल्या भिंतीवर असते. उन्हातला भाग आणि आकाश, ही दोन्ही चौकटीबाहेर ठेवावीत.

इथे घड्याळाची एक गफलत होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि भुज ७० अंशांच्याही किंचित पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, तर पाऊण ते एकच्या सुमारास. बडोद्याच्या मानानेही तिथला माध्यान्ह सुमारे चौदा मिनिटे उशिराचा आहे. बारा वाजता ‘आता ऊन चढले’ म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवणारा माणूस नेमका उत्तम तास गमावतो. ऋतूचाही विचार करावा. कर्कवृत्त भुजच्या थोडे उत्तरेकडून जाते. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४३ अंश वर असतो, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो सुमारे ६७ अंशांवर पोहोचतो. डिसेंबरमध्ये अरुंद भागांच्या तळाशी ऊन उतरतच नाही, असे वाटले तर दोष आपल्या कौशल्याचा नसतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध मला सर्वांत अनुकूल वाटतो: सूर्य पुरेसा वर आलेला असतो आणि उन्हाळ्याची होरपळ अजून सुरू झालेली नसते.

दुसरी तक्रार अशी की डोळ्यांना तांबूस दिसलेला खडक चित्रात करडा उतरला. याचे कारण बहुधा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या छटेनुसार रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय. संपूर्ण चौकट तांबूस असली की कॅमेरा त्या रंगालाच दोष समजतो आणि तो पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स हाताने ५२०० ते ५६०० केल्विनच्या दरम्यान ठेवावा आणि संपूर्ण घळीत तो बदलू नये, म्हणजे एका भिंतीचा उबदारपणा आणि आकाशातून येणारी निळसर छटा, दोन्ही आपापल्या जागी राहतात. चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात घ्यावीत, म्हणजे अंदाज चुकला तरी घरी दुरुस्ती करता येते. मात्र मागच्या पडद्यावर करडे दिसणारे चित्र पाहून माणूस निराश होतो आणि चांगली जागा सोडून पुढे जातो. हे नुकसान नंतर भरून निघत नाही, म्हणून जागेवरच योग्य रंग दिसणे महत्त्वाचे आहे.

पोलरायझर फिल्टरचा अतिरेकही रंग मारतो. ओल्या खडकावरची नको असलेली चकाकी तो काढतो हे खरे, पण तो पूर्ण फिरवला की डोहातले प्रतिबिंब आणि भिंतीवरची झळाळीही निघून जाते. मी तो थोडाच फिरवतो आणि रुंद कोनाच्या लेन्सवर आकाश दिसत असेल तर काढूनच ठेवतो, कारण तिथे निळ्या रंगाचा एकीकडे गडद, एकीकडे फिका असा पट्टा उमटतो.

आकाश पांढरे फटक आणि तळ काळा ठिक्कर, ही तिसरी अडचण. आकाश चौकटीत घेणे भागच असेल तर ट्रायपॉडवर नंतर जोडण्यासाठी तीन चित्रे दोन-दोन स्टॉपच्या अंतराने घ्यावीत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकत नाही ना, हे सर्वांत कमी प्रकाशाच्या चित्रात पाहावे. याचा सराव बडोदेकरांना कच्छला न जाता करता येतो. चांपानेरच्या जामी मशिदीत आतल्या खांबांच्या सावलीत उभे राहून कमानीतून बाहेरच्या उन्हाकडे कॅमेरा धरावा. तीच अडचण, तितक्याच तीव्रतेने, पन्नास किलोमीटरवर भेटते. पुढचा दगड आणि मागचा कडा दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून लेन्सचे छिद्र एफ/२२ इतके लहान ठेवणारेही पुष्कळ आहेत. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि संपूर्ण चित्रच मऊ पडते. एफ/११ वर दोन चित्रे, एक जवळच्या आणि एक दूरच्या फोकसने घेऊन नंतर जोडणे केव्हाही चांगले.

धुळीविषयी जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. वालुकाश्माची धूळ म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण, आणि क्वार्ट्झ काचेलाही ओरखडा काढतो. लेन्सवर धूळ दिसली की शर्टाच्या टोकाने पुसणे ही आपली स्वाभाविक सवय. माझ्या एका लेन्सच्या समोरच्या काचेवर केसासारखी, अर्धवर्तुळाकार रेघ आहे. ती याच सवयीने उमटलेली आहे आणि सूर्य समोर आला की प्रत्येक चित्रात दिसते. आधी रबरी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि कापड शेवटी घ्यावे. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे कण धुळीपेक्षा चिवट असतात. घळीत लेन्स बदलूच नये. बदलणे अटळ असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, पिशवीच्या आतच बदलावी. सर्व चित्रांत आकाशाच्या एकाच जागी करडा ठिपका येत असेल तर धूळ लेन्सवर नसून सेन्सरवर आहे. एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचे चित्र घेतले की खात्री पटते.

आता एकटेपणाविषयी. सोबत कोणी असले की ‘चला, उशीर झाला’ असे कोणीतरी म्हणते. एकट्याला ते म्हणणारे कोणी नसते. त्यामुळे परतीची वेळ कॅमेरा बाहेर काढण्याच्या आधी ठरवावी आणि घरी कळवावी. मी आईला जागा, वाहनचालकाचा क्रमांक आणि ‘सहापर्यंत फोन आला नाही तर काय करायचे’ हे लिहून देतो. सुरुवातीला तिला याची काळजी वाटे. आता लिहिले नाही तर काळजी वाटते.

एका फेब्रुवारीत शेवटच्या उजेडाच्या मोहात मी थांबलो आणि वर चढण्याची जागा मला सापडेना. जाताना पाहिलेली घळ परतताना उलट्या बाजूने पूर्ण वेगळी दिसते, हे तेव्हा लक्षात आले. वरच्या कडेने शेळ्या नेणाऱ्या एका गृहस्थांनी हाक मारून वाट दाखवली, आणि एकटाच आलास का, एवढेच विचारले. तेव्हापासून मी प्रत्येक वळणावर मागे वळून मोबाइलने एक चित्र घेतो. नकाशाही आधीच उतरवून ठेवतो, कारण खाली नेटवर्कचा भरवसा नसतो.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही टाकू नये. वालुकाश्माच्या कडा वरून भक्कम दिसतात, परंतु खालचा थर झिजून त्या अधांतरी असू शकतात. डोहात उतरू नये. भिंती गुळगुळीत असतात आणि एकट्याला वर ओढणारे कोणी नसते. पाणी दिवसाला किमान चार लिटर घ्यावे. प्रवाहाच्या वरच्या बाजूला ढग दाटलेले दिसले तर, आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी, घळीबाहेर पडावे, कारण तिकडच्या पावसाचे पाणी अचानक घळीत येऊ शकते. ड्रोन न्यायचा असल्यास कच्छ सीमेवरचा जिल्हा आहे हे ध्यानात ठेवून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा घरीच तपासावा. माणसांचे चित्र विचारूनच घ्यावे.

परतल्यावर ट्रायपॉड तसाच कोपऱ्यात उभा करणे ही शेवटची चूक, आणि रणाच्या खारट चिखलात तो रोवला असेल तर ती महागात पडते. पायांचे सांधे वाळूसकट फिरवू नयेत, आटे झिजतात. मी गच्चीवर बादलीभर गोडे पाणी घेऊन आधी बंद सांध्यांवरूनच धार सोडतो, मग एकेक पाय उघडून धुतो, सगळे भाग जुन्या चादरीवर सावलीत दिवसभर वाळवतो आणि आट्यांना अगदी थोडे ग्रीस लावून दुसऱ्या दिवशी जोडतो.