उंदराला ऑटिझम होत नाही: बिहेवियर टेस्ट शिकताना खाल्लेले धक्के

उंदराला ऑटिझम होत नाही, आपण फक्त त्याच्याशी मिळतंजुळतं वागणं मोजतो: इतरांत कमी मिसळणं आणि तेच तेच करत राहणं. लॅबमधे नवीन असताना मी गाईडना मोठ्या उत्साहात ग्राफ दाखवला, म्यूटंट (म्हणजे ऑटिझमशी जोडलेला जीन बिघडवलेले) उंदीर दुसऱ्या उंदराकडे फिरकतच नाहीत म्हणून. त्यांनी एवढंच विचारलं, "अनोळखी उंदीर कुठल्या बाजूला ठेवलेलास?" दरवेळी डावीकडेच! आणि दिव्याचा उजेड नेमका तिकडेच जास्त पडत होता. उंदीर उजेड टाळतो हे मला माहीत होतं की, पण टेस्टच्या नादात लक्षातच आलं नाही. नंतर नॉर्मल उंदरांचे व्हिडिओ बघितले तर तेही तिकडे जायला का-कू करत होते.

ही थ्री चेंबर टेस्ट, उंदीर इतरांत मिसळतो का हे बघायची. तीन कप्प्यांचा डबा, साधारण 10-10 मिनिटांचे टप्पे. आधी रिकाम्या डब्यात फिरू द्यायचं, मग एका बाजूला जाळीच्या कपाखाली अनोळखी उंदीर आणि दुसऱ्या बाजूला नुसता कप, शेवटी त्या रिकाम्या कपाखाली आणखी एक नवा उंदीर. बाजू आलटून पालटून घ्यायच्या, हे आता सांगायला नको! कप्प्यात किती वेळ होता यापेक्षा कप किती वेळ हुंगला यावर माझा जास्त भरवसा, कारण काही महाभाग कोपऱ्यात नुसते बसून राहतात. आणि उंदराचं सगळं जग वासावर चालतं, त्यामुळे नाकच नीट नसेल तर तो दुसऱ्याकडे जाईल कशाला? म्हणून बेडिंगखाली (पिंजऱ्यात अंथरलेल्या भुशाखाली) खाऊ पुरून तो शोधतो का हे वेगळं बघायचं.

रिपिटेटिव्ह बिहेवियरसाठी, म्हणजे तेच तेच करत राहणं बघायला, ग्रूमिंग (स्वतःचं अंग चाटून साफ करणं) मोजतात. 2011 साली शँक3 जीन बिघडवलेल्या उंदरांचा पेपर आला, ते अंग इतकं चाटतात-खाजवतात की कातडीला जखमा होतात. बीटीबीआर नावाची स्ट्रेनही (लॅबमधल्या उंदरांची एक जात) ग्रूमिंग जास्त करते आणि इतरांत कमी मिसळते, पण तिच्या मेंदूत कॉर्पस कॅलोसमच (मेंदूचे डावा-उजवा भाग जोडणारा पट्टा) नसतो, तेव्हा तिच्या डेटाचा अर्थ लावताना हे डोक्यात ठेवा. गोट्या पुरायची टेस्ट (बेडिंगवर ठेवलेल्या गोट्यांपैकी उंदीर किती पुरतो ते मोजायचं) करायला सोपी म्हणून सगळे करतात, पण खोदणं हा उंदराचा स्वभावच आहे, नुसत्या तेवढ्यावर मी काही लिहिणार नाही.

अजून एक, 2014 मधे दिसलं की पुरुषांच्या वासाने, अगदी त्यांनी घातलेल्या टीशर्टनेसुद्धा, उंदरांना स्ट्रेस येतो. त्यामुळे अर्धी बॅच मी आणि अर्धी मित्राने असं करू नका. कुठला म्यूटंट कुठला नॉर्मल हे स्कोअर करणाऱ्याला कळता कामा नये. आणि एकाच आईची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र सॅम्पल नव्हेत, पेपर तपासणारे रिव्ह्यूअर इथे हमखास पकडतात.

आता मी केज तासभर आधी टेस्टच्या खोलीत आणून ठेवते, प्रत्येक उंदरानंतर डबा 70% अल्कोहोलने पुसते, वास उडून जाईपर्यंत थांबते आणि मगच पुढचा सोडते. एका दिवसात फार उंदीर होत नाहीत, सिनिअर घाई करायला लावतात, लावू देत.