चामखीळ: आधी ओळखा, मग औषध लावा

मानेवर, काखेत किंवा पापणीवर लोंबणारा मऊ दाणा आणि बोटावर, नखाशेजारी आलेला खरखरीत टणक दाणा, दोन्हींना घरात चामखीळच म्हणतात. मेडिकलवाल्याकडे ‘चामखिळीचं औषध द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची, म्हणजे खरखरीत चामखीळ झिजवणारी बाटली मिळते. ती मानेच्या नाजूक कातडीवर लावली तर भोवतीची कातडी सोलली जाते आणि काळा डाग कित्येक महिने जात नाही. चामखीळ मात्र बरेचदा जिथल्या तिथेच असते. म्हणून बाटली उघडण्याआधी पाच मिनिटं ओळखण्यावर घालवा.

खिडकीजवळ भरपूर उजेडात बसा. जागा साबणाने धुवून पुसा आणि मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. लोंबती चामखीळ मऊ असते, बारीक देठावर हलते आणि तिचा रंग कातडीसारखा किंवा थोडा गडद असतो. ती बहुधा एक ते पाच मिलिमीटरची असते आणि दाबली तरी दुखत नाही. जिथे कातडी कातडीला किंवा कपड्याला घासते तिथे ती जास्त येते: मान, काख, जांघ, स्तनांखालची घडी. ती कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागतही नाही. एक काढली म्हणून दहा उगवतात, हाही निव्वळ गैरसमज. नव्या येतात त्या मूळ कारण तसंच राहिल्यामुळे.

खरखरीत चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते. तिचा पृष्ठभाग फुलकोबीच्या तुऱ्यासारखा असतो, हाताला खरबरीत लागतो, आणि बोटावरच्या बारीक रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात. वरचा थर थोडा घासला की आत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. त्या रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. लोक त्यांना ‘मुळं’ समजून सुईने उकरतात. चामखिळीला मूळ नसतं. उकरल्याने विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो, एवढंच.

काही खुणा दिसल्या तर घरचा कुठलाच उपाय करू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. दाणा काही आठवड्यांत भराभर वाढतोय, धक्का न लागता रक्त येतंय, चार आठवड्यांत जखम भरत नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत किंवा एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, ही त्यातली मुख्य लक्षणं. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग पसरत असेल तर तोही दाखवा. सावळ्या कातडीत मेलॅनोमा हा कर्करोग होतो तेव्हा तो बरेचदा याच जागी सापडतो, आणि तिथे सहसा कुणी बघत नाही. जननेंद्रियांवरच्या चामखिळींनाही घरचं औषध चालत नाही. तिथे तपासणी आणि उपचार वेगळे असतात, आणि जोडीदाराचीही तपासणी लागते.

काहीही न करता राहू द्यायची असेल तर

लोंबती चामखीळ आयुष्यभर तशीच ठेवली तरी बिघडत नाही. त्रास होतो तो अडकण्याचा. मंगळसूत्राची वाटी किंवा साखळीची कडी तिच्यात अडकते, मान वळवताना ओढ बसते आणि देठाशी लालसर होतं. अशा वेळी साखळी थोडी लांब करून घ्या किंवा आठ-दहा दिवस काढून ठेवा. कॉलर कडक असेल तर आतून मऊ सुती पट्टी शिवून घ्या. काखेत वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरा. घडीच्या जागा आंघोळीनंतर टिपून कोरड्या करा, रगडू नका. ती चुकून कापली गेली तर स्वच्छ कापसाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघितलं की गोठू लागलेलं रक्त पुन्हा सुटतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त वेळ लागेल, आणि वीस मिनिटांतही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

कधीकधी देठाला पीळ बसतो, चामखीळ एका रात्रीत काळीनिळी पडते आणि ठणकते. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. बरेचदा ती काही दिवसांत आपोआप गळून पडते. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, कारण काळा पडलेला दाणा नेमका कशाचा हे घरी ठरवता येत नाही.

मानेवर अशा पुष्कळ चामखिळी असतील आणि सोबत मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर तो मळ नव्हे. कितीतरी घरांत मुलांची मान नारळाच्या काथ्याने घासून घासून लाल केली जाते, आणि ती आणखी काळी पडते. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असू शकते. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. उपाशीपोटी 100 ते 125 मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. 126 किंवा 6.5 आणि त्यापुढे गेलं तर मधुमेह, जो दुसऱ्या तपासणीने पक्का करतात. वजन उतरलं की मानेचा काळेपणा हळूहळू कमी होतो. आलेल्या चामखिळी राहतात, पण नव्या येण्याचं प्रमाण घटू शकतं. गरोदरपणातही त्या येतात, आणि बाळंतपणानंतर काही आपोआप बारीक होतात, म्हणून तेव्हा घाई करू नये.

चुना, बिब्बा, दोरा

चुना आणि धुण्याचा सोडा कालवून चामखिळीवर ठेवण्याची पद्धत अजून खेडोपाडी आहे, शहरातही आहे. हे मिश्रण तीव्र अल्कली असतं. आम्लाने कातडी वरून जळते आणि बहुतेकदा तिथेच थांबते. अल्कली मात्र आत आत उतरत जातं, आणि सुरुवातीला फारसं दुखत नाही म्हणून माणूस ते ठेवून देतो. संध्याकाळी बघावं तर खोल खड्डा. चुना लागलाच असेल तर आधी कोरडी पूड झटकून काढा, मग वाहत्या नळाखाली निदान वीस मिनिटं धरा. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नका. पापणीजवळ तर चुन्याचं बोटही नेऊ नका, डोळा जाऊ शकतो.

बिब्ब्याच्या तेलाने कातडीला तीव्र अॅलर्जी येते. बिब्बा उतला की फक्त लावलेली जागा नाही, आजूबाजूला ओघळलं असेल तिथेही फोड येतात आणि जाताना काळे पट्टे सोडून जातात. ठेचलेली लसूण रात्रभर बांधून ठेवली तर तीही कातडी भाजते.

दोरा किंवा घोड्याचा केस बांधणं अगदी बारीक देठावर ‘लागू’ पडल्यासारखं दिसतं. पण गाठ पुरेशी आवळली गेली नाही की रक्त आत जातं आणि बाहेर येत नाही, दाणा सुजतो, पिकतो, आणि मग दोरा सुजेत रुततो. खरखरीत चामखिळीला देठच नसतो, तिथे दोरा निरर्थक आहे. ऑनलाइन मिळणारी ‘एका थेंबात चामखीळ गायब’ छापाची द्रव्यंही टाळा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध इशारा दिला होता. तीळ किंवा लोंबती चामखीळ घरी काढण्यासाठीचं एकही औषध त्यांनी मान्य केलेलं नाही.

खरखरीत चामखीळ घरी घालवायची पद्धत

हे काम घरी होतं, पण चिकाटी लागते. औषध म्हणजे सॅलिसिलिक अॅसिडचं पेंट. बाटलीवर सॅलिसिलिक अॅसिड साधारण 17 टक्के, बहुधा तितकंच लॅक्टिक अॅसिड, आणि ‘कोलोडियन’ हा शब्द बघा. कोलोडियनमुळे औषधाची पातळ फिल्म बनते आणि ते जागेवर टिकतं. हात आणि पायावरच वापरा. चेहरा, मान, काख, जांघ इथे नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल किंवा पायात रक्त नीट पोचत नसेल तर पायावर हे अजिबात लावू नका, कारण जखम झालेली कळतच नाही. गरोदर असाल, अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल किंवा मूल लहान असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

रात्री झोपण्यापूर्वीची वेळ ठरवून घ्या. चामखीळ सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि पुसून कोरडी करा. मऊ झालेला पांढरा थर नखं घासायच्या खरखरीत पट्टीने हलकेच काढा. गुलाबी कातडी दिसली किंवा दुखलं की थांबा, रक्त येईपर्यंत घासायचं नाही. ही पट्टी चांगल्या नखांना लावू नका, घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका, उपचार संपला की फेकून द्या. मग चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचं कडं करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘औषधाने भाजलं’ म्हणतात. आता माचिसच्या काडीच्या मागच्या टोकाने एक थेंब बरोबर मधोमध ठेवा. वाळला की दुसरा. पूर्ण वाळल्यावर साधी चिकटपट्टी लावा, औषध आत जायला मदत होते. सकाळी पट्टी काढा, हात धुवा.

बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावा, नाहीतर पेंट दाट होऊन निकामी होतं. ते पेट घेणारं असतं. गॅसजवळ, देवघरात दिव्यापाशी बसून लावू नका.

दोन आठवड्यांत काही दिसत नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात. सॅलिसिलिक अॅसिड थर थर सोलत जातं आणि त्या हलक्या दाहाने शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूकडे वळते, याला वेळ लागतो. बारा आठवडे धरून चला. जागा लाल होऊन हुळहुळली तर दोन-तीन दिवस सुट्टी द्या आणि पुन्हा सुरू करा. काळे ठिपके दिसेनासे झाले आणि कातडीच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सरळ गेल्या की चामखीळ गेली. रेषा अजून तुटलेल्या असतील तर वरून सपाट दिसली तरी ती आत आहे. बारा आठवड्यांनीही ढिम्म असेल तर डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात किंवा जाळतात. गोठवल्यावर सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहू शकतो, हे आधी विचारून घ्या.

तळपायाला असेल तर ती चामखीळ आहे की कुरूप हे आधी ठरवा. सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर कळ येते ती बहुधा चामखीळ. कुरूप घासलं तर काळे ठिपके दिसत नाहीत, मध्ये काचेसारखा टणक गाभा दिसतो. कुरुपाचं मूळ चपलेत असतं. चप्पल तीच ठेवून कितीही पट्ट्या लावल्या तरी ते परत येतं.

नखं कुरतडायची सवय असेल तर चामखीळ नखाभोवती कडं धरून पसरते. दाढीच्या जागी असेल तर वस्तरा तिच्यावरून फिरवू नका. सलूनमध्ये नवं ब्लेड लावायला सांगा आणि ती जागा सोडून दाढी करायला सांगा. मुलांमधल्या चामखिळी बऱ्याचदा दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. दुखत नसेल तर मुलाला रोज रात्री रडवत बसण्यापेक्षा वाट बघितलेली बरी.

लोंबती चामखीळ काढून घेताना

दवाखान्यात हे काही मिनिटांचं काम असतं. बारीक असेल तर निर्जंतुक कात्रीने देठाशी कापतात, नाहीतर रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा कॉटरीच्या (विजेवर चालणाऱ्या, जाळून काढणाऱ्या उपकरणाच्या) टोकाने उडवतात. संख्या जास्त असेल तर बधिर करणारं मलम आधी लावून वरून प्लास्टिकने झाकतात. त्याला पाऊण ते एक तास लागतो, म्हणून तेवढा वेळ हाताशी ठेवून जा. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा आधीचे व्रण फुगून जाड झाले असतील तर बसल्या बसल्या पहिल्यांदा तेच सांगा. लग्नाला चार दिवस उरले असताना जाऊ नका. खपली पडायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि खालची गुलाबी जागा त्यानंतरही काही दिवस दिसते.

खपली ओढायची नाही. दिलेलं मलम दिवसातून दोनदा पातळ लावायचं, जागा ओली ठेवायची नाही. खपली पडल्यावर दोन महिने तरी उन्हात जाताना एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. मानेला मागूनही लावा. सावळ्या कातडीवर काळा डाग पडतो तो बहुतेकदा याच काळातल्या उन्हाने.

गालांवर, डोळ्यांच्या बाजूला येणारे बारीक काळे उठावदार ठिपकेही निरुपद्रवी असतात आणि घराण्यात चालत येतात. ते काढता येतात, पण कॉटरी अगदी कमी ताकदीवर ठेवावी लागते. सगळे एकाच दिवशी न काढता आधी कानाजवळच्या दोन-तीनवर करून बघायला सांगा. दीड-दोन महिन्यांनी तिथे डाग राहिला नसेल तर बाकीचे काढा.