घरच्या सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं वेगळं कसं करायचं

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकून घरचा सर्व्हर केला असेल तर चांगलंच केलं भाऊ, आपल्या इकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी थोडी तरी जिवंत असली तर तेवढ्यात मशीन नीट बंद करता येते. पण बहुतेक घरी पुढची गोष्ट अशी होते की इन्स्टॉल करताना जे एक खातं बनलं त्याचाच पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकतात. मग बाबांचे सातबारे, पीक विम्याच्या पावत्या, जिनिंगवरच्या काट्याच्या चिठ्ठ्या, वहिनीचे शाळेचे पेपर आणि पोरांचे पिक्चर सगळं एकाच नावावर, आणि त्या नावाला पूर्ण मशीन पुसायचाही अधिकार. चुकारा अडला अन् पावती सापडली नाही की मग घरभर विचारत फिरा, कोणाचा हात लागला.

म्हणून माणसागणिक खातं. काम लहान आहे. कमांड मी इथं देवनागरीत लिहून राहिलो, तुम्ही अर्थात इंग्रजीतच टाइप करा.

कमांड आहे सुडो अ‍ॅडयूजर आणि पुढे नाव, समजा सुनीता. सुडो म्हणजे पुढची कमांड मशीनच्या पूर्ण अधिकारानं चालवणं. नाव लहान इंग्रजी अक्षरात, मधे स्पेस नको, आकड्यानं सुरू नको, आणि देवनागरी नाव तर ते घेतच नाही. यूजरअ‍ॅड नावाचीही एक कमांड आहे, दिसायला बहीण वाटते पण डेबियन-उबुंटूवर ती आपणहून होम फोल्डर (त्या माणसाचं स्वतःचं फोल्डर) बनवत नाही, पासवर्ड विचारत नाही, तिच्या नादी कायले लागता. अ‍ॅडयूजर दोनदा पासवर्ड मागेल, टाइप करताना स्क्रीनवर काही दिसत नाही, ठिपकेही नाही, कीबोर्ड बिघडला समजू नका. मग पूर्ण नाव विचारते, रूम नंबर विचारते, ऑफिसचा फोन विचारते. हे जुन्या युनिक्सच्या, मोठ्या संस्थांच्या जमान्यातलं आहे, आपल्या वाड्यात कोणता रूम नंबर, एंटर मारत जा.

सुडोचा अधिकार घरात एकाला, फार तर दोघांना. दुसरा माणूस यासाठी की पहिला नोकरीसाठी पुण्याला गेला तर मशीन अडून राहू नये. द्यायचा असेल तर सुडो यूजरमॉड, मायनस लावून लहान ए आणि त्याला चिकटून मोठा जी, मग ग्रुपचं नाव सुडो, मग माणसाचं नाव. तो लहान ए विसरू नका, ए नसला तर त्या माणसाचे आधीचे सगळे जास्तीचे ग्रुप काढून फक्त नवा एकच ठेवते, आणि ते स्वतःच्याच खात्यावर केलं तर सुडोही जाऊ शकते. ग्रुप बदलल्यावर लॉगआऊट करून परत लॉगिन करा, नाही तर बदल लागू झालेला दिसत नाही आणि लोक तासभर डोकं खाजवत बसतात.

आता सगळ्यांचं सामाईक फोल्डर. सुडो अ‍ॅडग्रुप घर, म्हणजे घर नावाचा ग्रुप, त्यात सगळ्यांना वरच्याच पद्धतीनं टाका. मग एसआरव्ही फोल्डरच्या आत कागद नावाचं फोल्डर बनवा, सीएचजीआरपीनं त्याचा ग्रुप घर करा आणि सीएचमॉड 2770 द्या. 770 म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाहेरच्याला काहीच नाही. समोरचा 2 खरा कामाचा, त्याच्यानं त्या फोल्डरात जी नवी फाईल बनते तिला आपोआप घर हाच ग्रुप लागते, नाही तर वहिनीनं टाकलेली फाईल वहिनीच्याच ग्रुपची होऊन बसते.

मोबाईलवरून आणि विंडोजवरून हे फोल्डर दिसायला सांबा (घरच्या नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्राम) लागते, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. सांबाचा पासवर्ड वेगळा असते. लिनक्सचं खातं बनवलं म्हणून सांबा ओळखत नाही, प्रत्येकासाठी सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी मायनस ए आणि नाव असं परत करा लागते. नंतर लिनक्सचा पासवर्ड बदलला तरी सांबाचा साधारणपणे जुनाच राहते. एसएमबी डॉट कॉन्फ फाईलीत शेअर लिहिताना व्हॅलिड यूजर्समध्ये ॲट-चिन्ह लावून घर लिहा, रीड ओन्ली नो करा, क्रिएट मास्क 0660 आणि डिरेक्टरी मास्क 2770 ठेवा. टेस्टपार्म चालवून चूक नाही ना पाहा, मग एसएमबीडी रीस्टार्ट. ज्यांना फक्त फोटो अन् कागद पाहायचे, टर्मिनलशी घेणंदेणं नाही, त्यांचा शेल (लॉगिन झाल्यावर कमांड घेणारा प्रोग्राम) यूजरमॉड मायनस एसनं नोलॉगिन करून टाका, सांबा तरी चालते.

एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलमधून सर्व्हरवर लॉगिन) वापरत असाल तर पासवर्डऐवजी की, म्हणजे आपल्या मशीनवर ठेवलेली किल्लीची फाईल, वापरा. आपल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन, प्रकार ईडी25519, मग एसएसएच-कॉपी-आयडीनं सर्व्हरवर पाठवा. कीनं लॉगिन होते हे पाहिल्यावरच एसएसएचडी_कॉन्फिग फाईलीत पासवर्डऑथेंटिकेशन नो आणि परमिटरूटलॉगिन नो करा. उबुंटू सर्व्हरवर एक गंमत आहे, एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी फोल्डरात क्लाउड-इनिटची (पहिल्यांदा मशीन मांडून देणाऱ्या प्रोग्रामची) फाईल असू शकते, तिच्यात पासवर्ड यस लिहिलेलं असलं तर ती आधी वाचली जाते आणि पहिली किंमतच धरली जाते, तुम्ही खाली कितीही नो लिहा. खरं काय लागू आहे ते सुडो एसएसएचडी मायनस मोठा टी दाखवते, लहान टी फक्त फाईलीतली चूक तपासते. रीलोड करताना जुनी टर्मिनल खिडकी बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होऊन पाहा, नाही झालं तर पहिलीतून दुरुस्त करा.

शेतावरून मोबाईल डेटावर पाहायचं म्हणून राउटरवर पोर्ट 22 (एसएसएचचं दार) उघडून ठेवू नका, दिवसभर कोण कोण कुठून दार ठोकून पाहते. वायरगार्ड किंवा टेलस्केल टाका, हे व्हीपीएन म्हणजे आपल्याच मशीनींपुरता बंद रस्ता.

कोणाचं खातं बंद करायचं असेल, समजा कागद स्कॅन करायला ठेवलेला पोरगा काम सोडून गेला, तर फक्त यूजरमॉड मायनस मोठा एल करून भागत नाही. त्याच्यानं पासवर्ड बंद होतो, की टाकून ठेवली असेल तर तो आत येऊ शकते. सुडो सीएचएज मायनस मोठा ई, शून्य आणि नाव, याच्यानं खातंच मुदत संपलेलं होते, आणि सांबासाठी एसएमबीपासडब्ल्यूडी मायनस डी वेगळं. डेलयूजर घाईत करू नका. होम फोल्डर ते आपणहून पुसत नाही हे खरं, पण फायलींच्या मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता नंबर राहते, आणि तोच नंबर पुढच्या नव्या माणसाला मिळाला तर जुन्या फायली त्याच्या नावावर दिसतात.